दहा मीटरवर ग्रुप पसरतोय? स्प्रिंगला हात लावण्याआधी हे बघा

"काका, हिची स्प्रिंग गेली." रायफल कव्हरातून बाहेर यायच्या आत हे वाक्य येतं. इंदूरला लोकमान्य नगरात आमची ओसरी आहे, तिथं माझं एक जुनं टेबल आणि त्यावर एक व्हाइस, म्हणजे वस्तू पकडायचा शिकंजा. कारखान्यात फिटर होतो, हात रिकामा बसत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरं शूटिंगच्या क्लासला जायला लागली, की महिन्या-दीड महिन्यात त्यातली निम्मी माझ्याकडे. तक्रार ठरलेली: "आणली तेव्हा मस्त मारत होती, आता ग्रुप पसरतो." ग्रुप म्हणजे एकाच नेमानं मारल्यावर कागदावर पडणारा भोकांचा पुंजका. आजवर अशा कितीतरी रायफली हाताखालून गेल्या. त्यांत स्प्रिंग खरोखर तुटलेली निघाली ती चारदाच.

कुठली रायफल म्हणतोय ते आधी सांगतो. दहा हजारांच्या आतली, नळी बिजागरीवर खाली मोडून कॉक करायची, म्हणजे स्प्रिंग दाबून अडकवायची, स्प्रिंगवर चालणारी एअर रायफल, नळीचं माप .१७७ इंच म्हणजे ४.५ मिलिमीटर. चाप ओढला की स्प्रिंग पिस्टन पुढे ढकलते आणि दाबलेली हवा छर्रा उडवते. क्लासमधली मोठी पोरं वापरतात ती लाखांतली मॅच, म्हणजे स्पर्धेची, रायफल वेगळी, ती माझ्या टेबलावर येत नाही आणि आली तरी मी घेत नाही.

हल्ली पोरं अमेरिकेतले व्हिडिओ बघून येतात. तिथं स्वस्त सेमी-ऑटोमॅटिक रायफल घेऊन शेकडो गोळ्या झाडतात आणि किती वेळा अडकली ते मोजतात. तिथं ते बरोबरच आहे. त्या रायफलीत एक गोळी सुटली की पुढची आपोआप चढते, म्हणून "चढते की अडकते" हीच तिची परीक्षा. आपल्या रायफलीत छर्रा एकेक करून अंगठ्यानं बसवायचा, त्यात अडकायचं काय? हिची परीक्षा दुसरी. दर वेळी नळी मोडते, मिटते, पिस्टन धडकतो, अख्खी रायफल हादरते. एवढं झाल्यावर प्रत्येक भाग पुन्हा होता त्याच जागी येऊन बसतो का? स्वस्त मालात पैसे वाचवलेले असतात ते इथंच. नळी बहुधा ठीक असते.

लक्षणं

कागद नीट बघा. रायफलीपेक्षा कागद जास्त बोलतो. दहा मीटरवर, टेबलावर मऊ उशी, उशीवर डावा हात आणि हातावर रायफल, असे पाच-पाच छर्‍यांचे चार ग्रुप घ्या. दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं. पाचही भोकं त्याखाली झाकली गेली, तर या किमतीच्या रायफलीचं काही बिघडलेलं नाही. मग नेमाचा सराव करा आणि माझी रविवारची झोप वाचवा.

भोकं आडवी पसरली आणि उंची साधारण सारखी राहिली, तर काहीतरी डावी-उजवीकडे हलतंय: लाकडी दस्त्याचे स्क्रू, नळीची बिजागरी किंवा मागची साइट, म्हणजे नेम धरायची खाच.

भोकं उभ्या रांगेत पडली, तर छर्‍याचा वेग दर वेळी वेगळा आहे. याचा हिशोब करून बघण्यासारखा आहे. सेकंदाला १७० मीटर वेगानं निघालेला छर्रा दहा मीटर जाईपर्यंत साधारण १७ मिलिमीटर खाली येतो, १५० नं निघालेला जवळजवळ २२. फरक पाच मिलिमीटरचा. दहा मीटरच्या टार्गेटवर दोन वर्तुळांमध्ये अडीच मिलिमीटरचं अंतर असतं, म्हणजे तुमचा नेम अचूक असूनही दोन गुण गेले.

दोन वेगळे ग्रुप पडले, तीन इथं आणि दोन तिथं, तर कुठला तरी भाग दोन जागांपैकी कधी एका, कधी दुसर्‍या जागी बसतोय. हे सर्वांत चांगलं लक्षण, कारण दोष हमखास सापडतो.

ग्रुप लहानच राहिला पण तासाभरात हळूहळू एका बाजूला सरकत गेला, तर स्कोप, म्हणजे वर बसवलेली नेमाची दुर्बीण, सरकतोय.

याखेरीज कानाला आणि नाकाला कळणारी लक्षणं: नेहमीचा "ठक" जाऊन "फुस्स" येणं, धूर, जळक्या तेलाचा वास आणि फटाक्यासारखा आवाज, कॉक करताना खरखर किंवा आत तार छेडल्यासारखी झणझण.

हात लावण्याआधी

छर्रा आत नाही आणि रायफल कॉक केलेली नाही, याची खात्री स्वतः करा. दुसर्‍याच्या सांगण्यावर जाऊ नका. छर्रा बसवताना उघडलेली नळी दुसर्‍या हातानं घट्ट धरलेलीच हवी. अशा वेळी खटका सुटला तर नळी सापळ्यासारखी मिटते. माझ्या उजव्या अंगठ्याचं नख वाकडं वाढतं ते याच पायी, आणि त्या दिवशी मला "फक्त एकदाच बघायचं" होतं. डोळ्यांना चष्मा लावा. टार्गेटच्या मागे जुन्या सतरंज्या किंवा वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठेवा, उघडी भिंत किंवा लोखंडी पत्रा नको. छर्रा उलटा येतो. आणि तपासणी चालू असताना छर्‍याशिवाय एकदाही चाप ओढू नका. छर्रा नसला की पुढे हवेची गादी तयार होत नाही आणि पिस्टन सिलिंडरच्या तोंडावर लोखंडावर लोखंड आपटतो. दुकानात चार गिर्‍हाइकांनी रिकामी "खटॅक-खटॅक" करून बघितलेली रायफल मी कधी घेणार नाही.

आधी छर्रे आणि तुमचा हात

फुकटातली तपासणी पहिली. डबीतले वीस छर्रे काचेवर घरंगळवा. चांगला छर्रा कमानीत छान वळत जातो, ज्याचा मागचा घेर चेपलेला आहे तो लंगडतो. लंगडे बाजूला काढा. डबी एकदा जरी जमिनीवर पडली असेल, तर त्यात लंगडे बरेच निघतात. कागदावर मारायला सपाट तोंडाचे छर्रे घ्या. टोकदार छर्रे नाव मोठं करतात, भोक वेडंवाकडं पाडतात. सराफ्यात कुणी सोनार ओळखीचा असेल, तर दुपारच्या रिकाम्या वेळी त्याच्या काट्यावर दहा छर्रे एकेक करून तोलून घ्या. मॅचचे छर्रे साधारण ०.५३ ग्रॅमचे आणि एकमेकांच्या अगदी जवळ असतात. स्वस्त डबीत फरक उघड दिसतो, आणि तोच फरक कागदावर उभी रांग होऊन उतरतो. सोनार हसतो, पण तोलून देतो.

एक सवय तोडा. छर्रे तोंडात धरून बसवायची पद्धत आमच्या पिढीत होती. ते शिसं आहे. सराव संपला की साबणानं हात धुवा, मग पोहे-जिलबी.

आता हात. स्प्रिंगची रायफल दोनदा धक्का देते. पिस्टन पुढे झेपावतो तेव्हा रायफल मागे येते, आणि पिस्टन पुढे थडकतो तेव्हा ती पुढे जाते. हे सगळं छर्रा अजून नळीत असतानाच चालू होतं. म्हणून हिला आवळून धरली की दर वेळी पकड थोडी वेगळी पडते आणि छर्रा वेगळीकडे जातो. विटेवर किंवा कडक स्टँडवर टेकवली तर आणखी वाईट. डावा तळहात सपाट ठेवायचा, त्यावर रायफल नुसती ठेवायची, खांद्याला जेमतेम टेकवायची आणि धक्का द्यायचा तेवढा देऊ द्यायचा. डावा हात दर वेळी त्याच जागी यावा म्हणून दस्त्यावर रंगीत चिकटपट्टीचा तुकडा लावा. माझ्याकडे आलेल्यांतल्या बर्‍याच "बिघडलेल्या" रायफली या चिकटपट्टीनं बर्‍या झाल्या. त्याचे पैसे घेता येत नाहीत, ही माझी व्यथा.

दस्त्याचे स्क्रू

इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण निम्म्याहून जास्त दोष इथं मिटतात.

नळी आणि सिलिंडरचा लोखंडी सांगाडा लाकडी दस्त्याला बहुतेक रायफलींत तीन-चार स्क्रूंनी धरलेला असतो: पुढे दोन्ही बाजूंना एकेक आणि चापाच्या कड्याला एक किंवा दोन. दर छर्‍यागणिक दोन धक्के, म्हणजे पाचशे छर्‍यांची एक डबी संपेपर्यंत हजार ठोके या स्क्रूंनी खाल्लेले असतात. महागड्या रायफलीत स्क्रूच्या डोक्याखाली लाकडात धातूची वाटी बसवलेली असते. स्वस्त रायफलीत स्क्रूचं डोकं थेट मऊ लाकडावर येतं, लाकूड दबतं आणि स्क्रू न फिरताच सैल होतो. हा सगळा घोटाळा पंधरा-वीस रुपयांच्या वाट्या वाचवण्यापायी.

त्यात आपली माळव्याची हवा. श्रावणात लाकूड फुगतं, एप्रिल-मेमध्ये वाळून आक्रसतं. म्हणून माझ्याकडे गर्दी होते ती उन्हाळ्यात. पोरांना वाटतं सुट्टी लागली म्हणून.

तर स्क्रूच्या खाचेत अगदी बरोबर बसणारा स्क्रूड्रायव्हर किंवा ॲलन की घ्या. सैल पान्यानं खाच खराब होते आणि मग माझ्यासारख्याची डोकेदुखी. हातानं, मनगटाच्या जोरावर आवळा. कोपरापासूनचा जोर नको. हे आटे सिलिंडरच्या पातळ पत्र्यात किंवा त्याला जोडलेल्या लहानशा ठोकळ्यात पाडलेले असतात, जास्त पिळलं तर आटेच जातात. आवळल्यावर स्क्रूच्या डोक्यावरून लाकडापर्यंत नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा. शंभर छर्रे मारा आणि रेघ बघा. रेघ तुटली तर स्क्रू फिरतोय: डोक्याखाली स्प्रिंग वॉशर घाला आणि आट्यांवर नेलपॉलिशचा थेंब. रेघ शाबूत आहे पण स्क्रू सैल लागतोय, तर लाकूड दबलंय: डोक्याच्या मापाची पितळी चकती घाला. नेलपॉलिश एवढ्यासाठी की उद्या स्क्रू काढता येतो. लाल रंगाचं पक्कं थ्रेड-लॉक घालून आणलेली एक रायफल मला ड्रिल मारून उघडावी लागली होती, तीही दुसर्‍याची.

मी स्वतः एकदा काय केलं तेही सांगतो. सुरुवातीच्या काळात शेजारच्या मुलाच्या रायफलीला मी नवी स्प्रिंग मागवली, बसवून घेतली, आणि ग्रुप होता तसाच राहिला. आठवड्यानं कळलं, उजवीकडचा पुढचा स्क्रू अर्धा फेरा सैल होता. त्याची आई, आमच्या वहिनी, अजून संक्रांतीच्या तिळगुळाबरोबर त्या स्प्रिंगची आठवण काढतात.

साइट आणि स्कोप

मागची साइट बोटांनी धरून डावी-उजवीकडे हलवून बघा. किंचित जरी हलली, तर दोन ग्रुपचं कोडं सुटलं. पुढची माशीही, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेमाचा खुंट, बघा, प्लास्टिकच्या हूडवाली (टोपणवाली) असेल तर ती सरळ आहे ना.

स्कोप असेल तर तो काढा आणि लोखंडी साइटवर एक ग्रुप मारा. स्कोपशिवाय ग्रुप आवळला तर दोष सापडला, वाद संपला. साधे स्कोप मागे येणारा धक्का सहन करायला बनवलेले असतात. स्प्रिंग रायफलीचा पुढे जाणारा दुसरा धक्का त्यांच्या आतल्या भिंगांना खिळखिळं करतो. दुर्बिणीची पाटी वाचून भुलू नका, "स्प्रिंग एअर रायफलसाठी" असं स्पष्ट असेल तरच घ्या. स्कोप ठीक असून माउंट (स्कोप धरणारी पकड) सरकत असेल, तर माउंटच्या मागच्या कडेला रेलवर, म्हणजे माउंट बसतो त्या पट्टीवर, पेन्सिलीनं रेघ मारा. वीस छर्‍यांनी रेघ आणि माउंट यांच्यात फट पडली की समजा. रेलवर माउंट अडवायला खाच किंवा खिट्टी असते, माउंटची पिन तिथं बसवावी लागते. स्वस्त माउंटला ती पिनच नसते. एवढं करून ग्रुप पसरलेलाच असेल तर पुढे जा. मी तर म्हणेन, या किमतीच्या रायफलीवर पहिलं वर्ष स्कोप लावूच नका.

नळीची सफाई

जाड नायलॉनची मासे धरायची दोरी घ्या. तिच्या टोकाला स्वच्छ सुती कापडाचा लहान तुकडा बांधा. दोरी मागच्या, म्हणजे छर्रा बसवायच्या, बाजूनं घाला आणि तोंडाकडून ओढून घ्या. दोन-तीन तुकड्यांत शिशाची काळपट राख निघेल. लोखंडी गज घालू नका, नळीच्या आतल्या पेचदार खाचा आणि तोंडाची कड दोन्ही खराब होतात. सफाईनंतरचे पहिले दहा-वीस छर्रे इकडेतिकडे जातील; नळीला शिशाचा पातळ थर पुन्हा बसेपर्यंत असंच होतं. तेवढ्यावरून "आता तर जास्तच बिघडली" म्हणून मला फोन करू नका.

नळीच्या तोंडाची कडही आत्ताच बघून घ्या. कान साफ करायची कापसाची काडी त्या कडेवरून गोल फिरवा. कुठं धागा अडकला, तर तिथं ओरखडा किंवा टवका आहे. बाहेर पडताना छर्‍याला शेवटचा स्पर्श या कडेचा होतो आणि मागची हवा त्या टवक्यातून आधी निसटून छर्‍याला कलंडवते. कानशीनं घासायचा मोह आवरा. हे काम लेथवाल्याचंही नाही, बंदूकवाल्याचं आहे.

तेल: इथं सगळे चुकतात

जानेवारीत एक मुलगा सुदामा नगरहून आला. सकाळी रायफल कॉकच होत नाही, झाली तर छर्रा कागदाच्या निम्म्या वाटेवर दम तोडतो, आणि दुपारी हीच रायफल धूर काढते. वास घेतला आणि कळलं. आजीच्या केसांचं खोबरेल. "शुद्ध आहे, काका." शुद्ध असेना, चोविसेक अंशांखाली खोबरेल गोठतं, आणि इंदुरात जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या आसपास असतो. आत पिस्टन डालड्यात रुतलेला होता!

दुपारच्या धुराचं कारण मात्र दुसरं. पिस्टन हवा एका क्षणात दाबतो आणि दाबलेली हवा तापते. तिथं तेलाचा थेंब असला की तो पेट घेतो. डिझेल इंजिन याच तत्त्वावर चालतं. धूर, वास, फटाका, आणि छर्रा नेहमीपेक्षा जोरात. पोरं खूश होतात, "पॉवर वाढली!" पॉवर वाढत नाही, सील जळतं, स्प्रिंगला उलटा मार बसतो आणि वेग दर वेळी वेगळा असल्यानं ग्रुपची उभी रांग लागते. शिवणयंत्राचं तेल, गाडीचं तेल, गंज काढायचा स्प्रे, यातलं काहीही नळीत किंवा सिलिंडरच्या भोकात घालू नका. नवी रायफल पहिले काही छर्रे थोडा धूर काढते, ते कारखान्यातलं तेल. ते जळून जाऊ द्या.

मग घालायचं काय? आत पिस्टनवरचा वॉशर (तेच सील) कृत्रिम असेल तर काहीच नाही. जुन्या धाटणीच्या रायफलींत चामड्याचा वॉशर असतो. तो वाळला की आक्रसतो, कडेनं हवा निसटते आणि "फुस्स" ऐकू येतं. माहितीपत्रकात चामड्याचा वॉशर लिहिलेला असेल, तर त्यात सांगितलेल्या तेलाचे एक-दोन थेंब, वर्षातून एखादवेळ, रायफल रात्रभर उभी ठेवून. बिजागरीला आणि बाहेरच्या लोखंडाला मात्र खुशाल मशीन तेलाचा हात फिरवा, पावसाळ्यात तर फिरवाच.

नळीमागचं सील

नळी मिटते तिथं, नळीच्या मागच्या तोंडाभोवती रबराची किंवा चामड्याची एक कडी असते. टिश्यू पेपरची बारीक पट्टी सांध्यावर आडवी ठेवा, छर्रा घालून सुरक्षित दिशेला मारा. पट्टी उडाली तर हवा सांध्यातून निसटतेय. धक्क्यानं पट्टी थोडी सरकतेच. उडणं आणि सरकणं यातला फरक दोन-तीनदा केल्यावर कळतो. सील कडक झालं असेल, त्याला चीर असेल, किंवा ते दबून खोबणीच्या पातळीला गेलं असेल, तर बदला. ओ-रिंगच्या दुकानात जुनी रिंग दाखवली की जोडीची मिळते, पाच-दहा रुपयांत. जुनीच ठीक असून नुसती दबली असेल, तर तिच्याखाली दुधाच्या पिशवीच्या प्लास्टिकची गोल कापलेली चकती घालून ती किंचित उचलता येते. काढताना पिन किंवा टोकदार सुई वापरा, पण खोबणीला ओरखडा पाडू नका. नाहीतर नवं सीलही गळतं.

बिजागरी

रायफल रिकामी, कॉक न केलेली, नळी मिटलेली. एका हातानं सिलिंडर, दुसर्‍यानं नळीचं टोक धरून आडवं हलवा. खुट्ट असा आवाज किंवा जाणवण्याइतकी ढील आली, तर आडव्या पसरलेल्या ग्रुपचं कारण मिळालं. बिजागरीचा बोल्ट असेल आणि त्याला अडवणारा लहान स्क्रू असेल, तर आधी तो लहान स्क्रू सोडवा, मुख्य बोल्ट एक-अष्टमांश फेरा आवळा, पुन्हा हलवून बघा. नळी मोडायला जड व्हायला लागली की थांबा, एवढंच. बोल्टऐवजी ठोकून बसवलेली पिन असेल तर तुमच्या हातात काही नाही. अशी रायफल घेतानाच ओळखायची होती. दुकानात मी सर्वांत आधी हेच बघतो, पॉलिश आणि नक्षी नंतर.

मिटलेली नळी वर-खाली हलत असेल, म्हणजे कुलूप नीट लागत नसेल, तर ती वापरायची नाही. बस.

इथून पुढे हात लावायचा नाही

राहिली स्प्रिंग. पुढचं लक्षण असेल तरच तिच्यावर संशय घ्या: कॉक करताना अचानक हलकी लागणं, आत खरखर, आणि वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात त्याच डबीचा छर्रा पूर्वीपेक्षा स्पष्टपणे कमी खोल जाणं. रायफल रात्रभर कॉक करून ठेवायची सवय असेल तर स्प्रिंगचा जोर जातो, तुटली नाही तरी.

पण उघडू नका. रायफल कॉक केलेली नसली तरी स्प्रिंग आत दाबलेलीच असते. मागची पिन किंवा बूच काढलं की ती पूर्ण लांबीला सुटते. माझ्या ओळखीतल्या एकानं दिवाळीच्या सुट्टीत घरी पिन ठोकून काढली. बुचानं छताच्या पीओपीला भोक पाडलं. खाली त्याचा चेहरा नव्हता म्हणून भोकाची गोष्ट हसत सांगता येते. हे काम स्प्रिंग दाबून धरणार्‍या साच्यात करायचं असतं. माझ्याकडे व्हाइस आहे, तरी मी ते गनस्मिथकडेच, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडेच, पाठवतो.

तसंच, नळी मिटताना किंवा रायफल टेकवताना आपोआप सुटली, सेफ्टी लागलेली असून चाप चालला, नळी वाकलेली दिसली, सिलिंडरला किंवा जोडाला चीर दिसली, तर तपासणी तिथंच थांबवा. छर्रा काढा, कव्हरात घाला. चापाच्या आतला खटका कानशीनं घासून "मऊ" करून देणारे मेकॅनिक भेटतात. त्यांच्याकडे दुचाकीचा क्लच द्या, रायफल देऊ नका.

पॉवर वाढवायला जाड स्प्रिंग घालून मागणारेही येतात. त्यांना मी आकडे दाखवतो. छर्रा नळीतून सुटतो तेव्हाची त्याची ऊर्जा जूलमध्ये मोजतात. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे २० जूलपर्यंतच्या आणि ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. त्यापुढे लागतो. ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २७५ मीटरवर गेला, की २० जूल भरतात. आता खोक्यावर बघा: "१००० फूट प्रति सेकंद, परवान्याची गरज नाही." हजार फूट म्हणजे ३०५ मीटर. त्या वेगाला २० जूलच्या आत राहायचं तर छर्रा ०.४३ ग्रॅमहून जड चालत नाही. म्हणजे एकतर अगदी हलका छर्रा घालून आकडा फुगवलाय, नाहीतर परवान्याची ओळ खोटी आहे. आणि दहा मीटरच्या कागदाला या वेगाची गरजच नाही. स्पर्धेच्या रायफली १७०-१७५ मीटरवर चालतात, म्हणजे साधारण आठ जूल. अभिनव बिंद्रानं २००८ मध्ये बीजिंगला सुवर्ण घेतलं ते याच दहा मीटरवर.

गनस्मिथ परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडचाच बघा. रायफल रिकामी, कव्हरात, बिलाची प्रत सोबत. रिक्षात मांडीवर उघडी घेऊन राजवाड्यापर्यंत जाणारा एक वीर आमच्याच गल्लीतला होता, त्याला पोलिसांनी दोन तास बसवून ठेवलं, बरोबरच केलं.

जाताना एक चिठ्ठी लिहून न्या. ग्रुप आडवा की उभा की दुहेरी, छर्‍यांचं वजन, किती छर्रे झाले, कुठले स्क्रू कधी आवळले, सील कधी बदललं, तेल काय घातलं. खोबरेल घातलं असेल तर तेही लिहा, लाजू नका, उघडल्यावर वास येतोच. ग्रुपचे चार कागद चिठ्ठीला टाचा. स्कोप काढून घरी ठेवा.